अण्णांची तीन धरणं

अण्णा खैरनारांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते रांगत होते.

पंचेचाळिशी ओलांडलेला, सरकारी नोकरीतला माणूस. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, हात आणि गुडघे फरशीला टेकलेले आणि उजवा कान जवळजवळ जमिनीला लागलेला. आम्ही नाशिकरोडजवळच्या पाटबंधारे खात्याच्या क्वार्टर्समध्ये आदल्या दिवशीच सामान टाकलं होतं. विरजणापुरतं दही मागायला म्हणून मी शेजारी गेले, तर दार सताड उघडं आणि समोर हा प्रकार. खोलीच्या मधोमध एक खुर्ची होती. तिच्यावर माणसाऐवजी एक लाकडी खोकं बसवलेलं आणि त्यातून 'घूंऽऽ घूंऽऽ' असा, रिकाम्या हौदात कुणी हुंकार द्यावा तसा आवाज येत होता. बाजूला एक बाई केरसुणी घेऊन, हा माणूस कधी एकदा पुढे सरकतोय याची वाट बघत उभी होती.

अण्णा भिंतीकडेनं रांगत रांगत कोपऱ्यात पोचले. थांबले. डोळे मिटले.

"इथं साचतंय," ते म्हणाले.

"काय साचतंय?" मी घाबरून विचारलं. मला वाटलं, छप्पर गळतंय.

"आवाज," अण्णा म्हणाले. मग डोळे उघडून त्यांनी मला पाहिलं, आणि रांगत्या अवस्थेतच नमस्कार केला. "या. नवीन आलात ना? दही पाहिजे? हिला हातानं खूण करून मागा. हिला ऐकू येत नाही. म्हणजे अगदीच येत नाही असं नाही. तेच चाललंय आमचं."

त्या बाई म्हणजे इंदूताई. त्यांनी माझ्या हातातली वाटी बघितली, हसल्या आणि दही घेऊन आल्या. दही देताना म्हणाल्या, "ह्यांचं मनावर घेऊ नका." हे त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, पण इतक्या मोठ्यानं की समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी गॅलरीतून खाली डोकावून पाहिलं. इंदूताईंना स्वतःचाच आवाज ऐकू येत नसे, त्यामुळे कुजबूज हा प्रकार त्यांच्या हातून कायमचा सुटला होता.

अण्णा आमच्या 'ह्यांच्या'च ऑफिसात. हे आरेखक, अण्णा कारकून. कालव्यांच्या पाणीपाळ्यांचे कागद अण्णांच्या टेबलावरून जायचे. मूळचे सटाण्याकडचे. बाहेर आमच्यासारखं बोलायचे, पण घरात नवराबायकोची भाषा अहिराणी. ती मला कळायला वर्ष गेलं. एक शब्द मात्र पहिल्याच आठवड्यात पाठ झाला. 'आते?' म्हणजे, आता? अण्णा खोकं इकडचं तिकडं करायचे, इंदूताईंच्या समोर येऊन उकिडवे बसायचे, त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायचे आणि विचारायचे, "आते?" इंदूताई कधी मान हलवायच्या, कधी म्हणायच्या, "हाओ." त्यांचा 'हाओ' म्हणजे आपला 'हो'. तो मिळाला की अण्णांचा दिवस सोन्याचा.

इंदूताईंना लग्नानंतर काही वर्षांनी क्षय झाला होता. रोज सकाळी अण्णा त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून दवाखान्यात न्यायचे, सुई टोचून आणायचे आणि मग ऑफिसला पळायचे. असं महिनोन्‌महिने. छाती बरी झाली, पण त्या औषधानं कान नेले. तेही एकदम नेले नाहीत. आधी कुकरची शिट्टी गेली. मग सायकलची घंटी, चिमण्या, मग लहान मुलांचे आवाज, मग बायकांचे.

"धरण आटतं ना, तसं झालं," अण्णा सांगायचे. "काठाचं पाणी आधी जातं. तळाचं शेवटपर्यंत राहतं."

तळाचं पाणी शिल्लक आहे हे त्यांना कळलं ते देवळालीच्या तोफांमुळे. तिकडे लष्कराचा सराव चालू असला की आमच्या क्वार्टर्सपर्यंत दणके यायचे. एका दुपारी इंदूताई अंगणात कुरडया वाळत घालत होत्या. त्या एकदम मान वर करून म्हणाल्या, "तोफा सुरू झाल्या." अण्णांना काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी कान टवकारले, भिंतीला हात लावला, तेव्हा कुठे लांबून आलेला दणका तळहाताला लागला. ऐकू येणाऱ्या नवऱ्याच्या आधी ऐकू न येणाऱ्या बायकोला तोफ ऐकू आली होती! अण्णा म्हणत, त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. त्याच आठवड्यात ते रविवार कारंज्यावरच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेले आणि म्हणाले, "मला जाड आवाज पाहिजे."

त्यानं सांगितलं, वूफर लागेल. मोठा वूफर आणि त्याला मोठं खोकं.

इथून अण्णांचं वेड सुरू झालं, आणि खात्याच्या माणसाचं वेड असल्यामुळे ते पाण्याच्या अंगानं गेलं. "आवाज म्हणजे पाणी," हा त्यांचा सिद्धांत. "बारीक आवाज पावसासारखा, कुठंही पडतो. जाड आवाज पुरासारखा. तो भिंती धरून चालतो आणि कोपऱ्यात साचतो. कुठं साचतो ते आपण शोधायचं." शोधायची रीत त्या रेडिओवाल्यानं शिकवली होती. ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर खोकं ठेवायचं, वाजवायचं, आणि आपण खोलीभर रांगायचं. जिथं आवाज भरून येईल तिथं खोकं नेऊन ठेवायचं. मग खुर्चीत बसणाऱ्याला तसाच भरून येतो. हे ऐकायला सोपं वाटतं, पण अण्णा हे दर रविवारी करायचे. ऋतू बदलला की करायचे. कपाट हललं की करायचे. दिवाळीला घरात फराळाचे डबे भरले की आवाज बदलला म्हणून परत करायचे.

खोक्यांना त्यांनी धरणांची नावं दिली होती. पहिलं, मी पाहिलं ते, चणकापूर. त्यांच्या गावाकडचं धरण. खोक्याला आवाज बाहेर पडायला एक गोल भोक ठेवतात, त्याला अण्णा मोरी म्हणायचे, धरणातून पाणी सोडायची वाट असते तशी. "चणकापूरची मोरी लहान झाली," असं ते गंभीरपणे सांगायचे, आणि नवख्या माणसाला वाटायचं की आता कालव्याचं काही खरं नाही.

दुसरं खोकं म्हणजे दारणा. त्याचा स्पीकर त्यांना देवळाली कॅम्पच्या बाजारात मिळाला. कुठल्याशा मोडीत निघालेल्या थिएटरातला, जेवणाच्या ताटापेक्षा मोठा. त्या दिवशी मी आणि हेही कॅम्पात गेलो होतो, म्हणून बसमधला प्रवास आमच्या देखत झाला. अण्णांनी तो स्पीकर मांडीवर, टोपडं घातलेल्या बाळासारखा धरला होता. शेजारी एक लष्करी बाई बसली होती, बहुधा कुणा जवानाची बायको. तिनं विचारलं, "ये क्या है?"

"आवाज," अण्णा म्हणाले.

"किसकी?"

अण्णांनी विचार केला. "अभी तो किसी की नहीं," ते म्हणाले.

कंडक्टर म्हणाला, "काका, ते टपावर टाका." अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मुकाट्यानं पुढे गेला.

दारणा वाजायला लागल्यावर शेजारधर्माची परीक्षा सुरू झाली. पाहुणे आले की चहाचे कप ठेवायला त्या घरात दारणाखेरीज जागाच नव्हती. अण्णांनी रेडिओ लावला की कप बशीसकट हळूहळू चालायला लागायचे. नवा पाहुणा आपला कप समोरच्या माणसाकडे निघालेला बघून गोंधळायचा. अण्णा हात पुढे करून कप अडवायचे आणि बोलणं चालू ठेवायचे. रेडिओवरच्या बातम्या तर ऐकवत नसत. बातम्या देणारा माणूस विहिरीत पडलाय आणि तिथूनच कर्तव्य बजावतोय असं वाटायचं. आम्ही तक्रार केली, तर अण्णा म्हणायचे, "तुमच्यासाठी नाही लावलेला. तुम्हाला काय, सगळंच ऐकू येतं."

वरच्या मजल्यावर बोराडेसाहेब राहायचे. ओव्हरसिअर, शिस्तीचा माणूस. त्यांच्या स्वयंपाकघरातले डबे फळीच्या कडेला येऊन थांबत. एके दिवशी हळदीचा डबा थांबला नाही. बोराडेसाहेब पिवळ्या डोक्यानं खाली आले. अण्णा दारात.

"खैरनार, हे काय चाललंय?"

"पातळी जरा जास्त झाली साहेब. विसर्ग कमी करतो."

बोराडेसाहेबांनाही हसू आलं असावं. पण त्यांनी ते दाखवलं नाही.

इंदूताईंना लहानपणी सिनेमाचं फार वेड होतं. गावाच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा, तेव्हा त्या पडद्याच्या अगदी पुढे बसायच्या. लग्न होऊन नाशिकला आल्या त्या इथं बांधीव थिएटरं आहेत म्हणून खुशीत. कान गेल्यावर मात्र त्यांनी थिएटरात जायचं सोडलं. "सगळे मुके होऊन नाचताहेत, ते बघून काय करू?" असं म्हणायच्या. अण्णांनी तेव्हाच मनात घेतलं असणार. त्या थिएटरात जात नाहीत तर थिएटर घरी आणायचं. पण ते घरी यायला ऐंशी साल उलटावं लागलं. आमच्या भागात टीव्ही आले, मग व्हिडिओ भाड्यानं मिळायला लागला. आणि अण्णांनी तिसरं खोकं बांधायला घेतलं. गंगापूर.

गंगापूर खोलीतच बांधावं लागलं, कारण ते दारातून आत आलं नसतं. सुतार आठवडाभर घरात ठाण मांडून होता. दुहेरी भिंतींचं खोकं, मधल्या फटीत वाळू. वाळू गोदावरीची, धुऊन, चाळून, उन्हात वाळवून घेतलेली. ही वाळू कशाला, तर लाकूड थरथरू नये म्हणून. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा एका सांध्यातून वाळू गळायला लागली. "गळती लागली!" म्हणून अण्णा मेण घेऊन धावले. मेणानं भागेना, मग पीठ मळून लावलं. इंदूताई कणकेचा गोळा घेऊन उभ्या आणि अण्णा गंगापूरच्या बुडाशी आडवे, हे दृश्य आम्ही सगळ्यांनी दारातून पाहिलं. ते खोकं ठेवल्यावर खोलीत कॉट मावेना. कॉट गॅलरीत गेली. अण्णा पावसाळ्यातसुद्धा गॅलरीत, ताडपत्रीखाली झोपायचे. तक्रार नाही.

पहिला सिनेमा एका रविवारी दुपारी लागला. खिडक्यांना घोंगड्या. अख्खी बिल्डिंग खोलीत, बोराडेसाहेबसुद्धा. इंदूताईंची खुर्ची बरोबर ठरलेल्या जागी, तिच्या पायांभोवती अण्णांनी खडूनं गोल काढलेला. सिनेमा चोर-पोलिसांचा होता. एका प्रसंगात डाकूंची टोळी लांबून येते. आम्हाला पडद्यावर नुसती धूळ दिसत होती. तेवढ्यात इंदूताई खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि आपल्या त्या मोठ्या आवाजात ओरडल्या, "घोडा! घोडा पयी ऱ्हायनात!"

घोडे पळताहेत. पडद्यावर घोडे यायच्या आधी त्यांना टापा ऐकू आल्या होत्या.

खोलीत कुणी पडद्याकडे बघत नव्हतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. चाळिशीची बाई, पदर खांद्यावरून घसरलेला, दोन्ही हात छातीवर ठेवलेले, आणि चेहरा जत्रेतल्या पोरीचा. अण्णा गंगापूरच्या मागे तारा धरून बसले होते. अंधारात मला त्यांचा नुसता चष्मा दिसला. तो त्यांनी काढला, पुसला आणि परत घातला.

पुढची दोन-तीन वर्षं असे पुष्कळ रविवार झाले. इंदूताईंना टापा ऐकू यायच्या, ढग ऐकू यायचे, आगगाडी पुलावर आली की ऐकू यायची. अण्णा व्हिडिओ आणताना कथा विचारायचे नाहीत. "घोडे आहेत का? आगगाडी आहे का? पाऊस मोठा आहे का?" एवढंच विचारायचे. व्हिडिओवाला म्हणायचा, हे गिऱ्हाईक वेगळंच आहे.

मग अण्णांचं रांगणं वाढलं. आधी रविवारीच चालायचं, आता ऑफिसातून आल्या आल्या सुरू व्हायचं. दारणा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, चणकापूर गंगापूरच्या डोक्यावर, मग पुन्हा खाली. गुडघ्यांना त्यांनी जुन्या गोधडीचे तुकडे बांधले होते. रोज समोर उकिडवं बसून तेच, "आते?" आणि इंदूताईंचं, "हाओ." अण्णांचं समाधान मात्र होत नव्हतं. ते आवाज आणखी वाढवायचे. बोराडेसाहेबांच्या भिंतीला चीर गेली. त्यांची लेक बाळंतपणाला आली होती, बाळ दचकून उठायचं. साहेबांनी सगळ्यांना जमवून बोलायचं ठरवलं. त्यांचंही चुकत नव्हतं.

त्याच दिवसांत मी आणि इंदूताई दळण घेऊन गिरणीत गेलो होतो. गिरणीत ही गर्दी, आणि तो आवाज तुम्हाला माहीतच आहे. पट्टा फिरतोय, जातं घरघरतंय, पिठाचा धुरळा. मी काहीतरी म्हणाले ते माझं मलाच ऐकू आलं नाही. इंदूताईंनी माझा हात धरला आणि बोलायला लागल्या. माझ्या लक्षात आलं, की ही बाई जागा हेरून आली आहे. साऱ्या नाशिकरोडात तिचं गुपित कुणाला ऐकू जाणार नाही अशी ही एकच जागा होती. मलाही ऐकू येत नव्हतं. मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिले, जशा त्या इतकी वर्षं आमच्या ओठांकडे बघत आल्या होत्या.

"मला ऐकू येत नाही," त्या म्हणत होत्या.

मी मान हलवली. हे काय नवीन?

"काहीच नाही. तोफासुद्धा नाही. गेल्या पावसाळ्यापासून. घोडेपण गेले."

"मग 'हाओ' का म्हणता?" मी ओठ मोठे करून विचारलं.

त्यांनी माझ्याकडे, मी फारच खुळी असल्यासारखं पाहिलं. "नाही म्हटलं तर ते काय करतील?" त्या म्हणाल्या. तेवढ्यात गिरणीवाल्यानं आमचा डबा पुढे ओढला.

मी हे कुणाला बोलले नाही. ह्यांनाही नाही.

बोराडेसाहेबांची बैठक व्हायची वेळच आली नाही. आदल्या संध्याकाळी अण्णा आमच्याकडे आले. गुडघ्याला गोधडीचे तुकडे तसेच. हे घरी नव्हते. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातात नुसतं धरून ठेवलं.

"वहिनी, आज काय झालं सांगू? मी दारणा हलवला. बटण दाबलं आणि आवाज यायची वाट न बघताच हिला विचारलं, आते? ही म्हणाली, हाओ, आज फार छान येतंय. मी मागं जाऊन बघतो, तर तार सुटलेली. तिन्ही खोकी बंद."

 बहुतेक माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं की मला माहीत होतं. त्यांनी विचारलं मात्र नाही.

"मग तुम्ही काय केलंत?"

"तार जोडली. म्हटलं, हो, आज छान आहे."

पेला त्यांनी न पिताच खाली ठेवला. मग म्हणाले, "सुया चालू होत्या ना, तेव्हा हिच्या कानात घंटा वाजायला लागल्या होत्या. हिनं मला सांगितलं, मी डॉक्टरांना सांगितलं. भला माणूस होता. म्हणाला, खैरनार, थांबवायचं का? थांबवलं तर कान राहतील कदाचित, छातीचं मी सांगू शकत नाही. ही बाहेर बाकावर बसली होती. चार पावलांवर. मी म्हणालो, चालू ठेवा. तिला विचारलंसुद्धा नाही."

"अण्णा, तुम्ही चालू ठेवलंत म्हणून त्या आज आहेत."

"ते खरंय," अण्णा म्हणाले. "पण विचारायला पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुताराला बोलावलं. गंगापूर दारातून निघणार नव्हतंच, ते जागेवर कापलं. वाळू घमेल्यांनी अंगणात ओतली. स्पीकर रविवार कारंज्यावर गेले. बोराडेसाहेब जिन्यात उभे राहून बघत होते. शेवटी खाली येऊन म्हणाले, "खैरनार, मी एवढं म्हणत नव्हतो हो." अण्णा म्हणाले, "तुमच्यामुळे नाही साहेब. धरण आटलं."

इंदूताई भाजी घेऊन परत आल्या, तेव्हा खोली मोकळी झाली होती. आम्हाला वाटलं, त्या सुटल्या. खोटं बोलायचं ओझं गेलं, कॉट आत आली, घर घरासारखं झालं. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्या घरातून भांडण ऐकू आलं. म्हणजे एकाच बाजूचं. इंदूताई अहिराणीत ओरडत होत्या आणि सगळ्या बिल्डिंगला शब्द न्‌ शब्द कळत होता. नसेल येत मला ऐकू, पण तुम्ही रोज समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता, विचारत होता. आता कोण विचारणार मला? बायकांना कोण विचारतं? मला विचारत होता, तेही तुम्ही सुतार लावून कापून टाकलंत!

मग त्या खोकत बसल्या. 

आठवडाभर दोघं अबोल होती. आणि मग एका संध्याकाळी त्यांच्या खिडकीतून टीव्हीचा उजेड दिसला. सहज डोकावले. टीव्हीवर रविवारचा सिनेमा चालू होता. इंदूताई कॉटवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. अण्णांनी स्टूल त्यांच्या अगदी समोर घेतलं होतं, टीव्हीकडे पाठ करून. आणि ते बोलत होते. आवाज न करता, ओठ मोठे करून. मागे नायिका काही म्हणाली की अण्णा ते ऐकून इंदूताईंना ओठांनी सांगायचे. नायक बोलला की नायकाचं. खलनायक बोलला की भुवया चढवून खलनायकाचं. नायिकेची आई रडायला लागली तेव्हा अण्णांनी डोळ्याला बनियनचं टोक लावलं. इंदूताई कधी पडद्याकडे, कधी त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. गाणं लागलं तेव्हा अण्णा गाणंही म्हणाले, तोंडातून हूं की चूं न काढता, मान डोलवत, कडव्यामागून कडवं.

मध्येच थांबून ते काहीतरी विचारायचे. काय ते मला कळायचं नाही. इंदूताई कधी हो म्हणायच्या, कधी स्पष्ट नाही म्हणायच्या. नाही म्हटलं की ते वाक्य अण्णा पुन्हा सांगायचे.

मी एकदा म्हटलं, "अण्णा, तुम्हाला सिनेमा काही बघायला मिळत नाही."

"दिसतो की," ते म्हणाले. "हिच्या तोंडावर दिसतो. घोडे आले की लगेच कळतं."

असं चार-पाच वर्षं चाललं. अण्णा निवृत्तीला आले. बघितलेले सिनेमे पुन्हा लागले तरी ते न कंटाळता सगळ्यांचं सगळं बोलायचे.

इंदूताईंची छाती जुनीच अधू होती. एका हिवाळ्यात ताप आला आणि उतरला नाही. शेवटचे दोन दिवस अण्णा उशाशी स्टूल घेऊन बसले होते. डॉक्टर बाहेर काही बोलायला लागले की अण्णा म्हणायचे, "आत चला. तिच्यासमोर बोला. मी तिला सांगतो." आणि प्रत्येक वाक्य त्यांनी इंदूताईंना सांगितलं. दवाखान्यात हलवू का, हेही विचारलं. त्या नाही म्हणाल्या. अण्णांनी हलवलं नाही.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. सटाण्याचे भाचे म्हणाले, आमच्याकडे चला. अण्णा गेले नाहीत. मी संध्याकाळी डबा घेऊन जायची. त्या रविवारी गेले तर टीव्ही चालू होता. आवाज नेहमीएवढाच, बेताचा. अण्णा स्टुलावर बसले होते, टीव्हीकडे पाठ करून, मोकळ्या कॉटकडे तोंड करून. ओठ मिटलेले. मागे कुणीतरी कुणाला तरी लग्नाचं विचारत होतं.

"अण्णा, स्टूल फिरवून घ्या ना," मी म्हटलं. "नीट बघा तरी."

"फिरवून बघितलं," ते म्हणाले. "समोरून काही कळतच नाही."

डबा खाली ठेवून मी निघाले होते. घरी पोळ्या व्हायच्या होत्या. काय वाटलं कुणास ठाऊक, मी वळले आणि कॉटच्या कडेवर, भिंतीला टेकून बसले. अण्णांच्या अगदी समोर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

 मग अण्णांचे ओठ हलायला लागले.

टीव्ही माझ्यासमोरच होता, आणि मला सगळं चांगलं ऐकू येत होतं. तरी सिनेमा संपेपर्यंत मी त्यांच्या ओठांवरची नजर काढली नाही.